दुसरा प्रश्न: अनोळखी माणसांच्या मुलाखती घेत इंग्रजी बोलायला शिकण्याची रीत

बाकावर बसलेले आजोबा म्हणाले, "आय ट्यून्ड पियानोज फॉर थर्टी इयर्स. टू हंड्रेड अँड थर्टी स्ट्रिंग्ज, गिव्ह ऑर टेक. अँड द फनी थिंग इज, आय कान्ट एन्जॉय अ कॉन्सर्ट एनीमोअर." माझ्या हातात दहा प्रश्नांचा कागद होता. मी म्हटलं, "ओके, व्हेरी नाइस. व्हॉट इज युअर हॉबी?"

रेकॉर्डिंगमध्ये इथे जरा शांतता आहे. मग आजोबांचा सौजन्यपूर्ण आवाज येतो, "वॉकिंग, आय सपोज."

घरी येऊन हे ऐकलं तेव्हा माझे कान तापले. तीस वर्षं पियानो सुरात लावणारा माणूस सांगतोय की आता मैफलीचा आनंद घेता येत नाही, आणि मी 'व्हेरी नाइस' म्हणून पुढच्या प्रश्नावर उडी मारलेली. माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक शोधूनही सापडली नसती. मी ऐकतच नव्हते, एवढंच.

पहिला प्रश्न घरून पाठ करून नेता येतो. दुसरा नेता येत नाही. तो समोरच्याच्या उत्तरातून, तिथल्या तिथे, इंग्रजीतच घडवावा लागतो. इंग्रजी बोलायचा सराव म्हणतात तो तिथून सुरू होतो. खालची सगळी पद्धत या दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी आहे.

मुलाखतच का

वर्षानुवर्षं इंग्रजी वाचून, ऐकून समजतं, पण तोंड उघडलं की शब्द फुटत नाही, ही तक्रार जुनीच आहे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत. ती फ्रेंच उत्तम समजत, पण बोलताना चुकत राहत. त्यांच्याकडे पाहून भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही. बोलायला भाग पडलं की आपल्याला काय येत नाही हे कळतं. समजून घेताना अर्धं वाक्य अंदाजाने निभावतं. बोलताना प्रत्येक शब्द स्वतःला आणावा लागतो.

मग नुसत्या गप्पा का नाहीत? गप्पांना निमित्त लागतं आणि अनोळखी माणसापाशी ते नसतं. मुलाखतीत तुम्हाला एक भूमिका मिळते. विषय तुम्ही ठरवता, म्हणजे निम्मे शब्द आधीच हाताशी असतात. जास्त बोलायचं काम समोरचा करतो. लाजाळू माणसाला तर हे वरदानच आहे, कारण 'आता मी काय बोलू' हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही विचारायला आला आहात, तर विचारा.

विषय चिमुकला ठेवा आणि तोच दहा जणांना विचारा

'लाइफ', 'हॅपिनेस', 'सक्सेस' असले विषय घेतले की समोरचा चार गुळगुळीत वाक्यं बोलून मोकळा होतो. राजकारण, धर्म, पगार, आजारपण यांच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात चांगला विषय म्हणजे काम: पहिली नोकरी, हाताने करायचं एखादं कसब, कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. किंवा 'अलीकडे तुम्ही नवीन काय शिकलात आणि कसं?' अशा विषयात समोरचा माणूस जाणकार असतो आणि जाणकाराला बोलायला आवडतं.

दर वेळी नवा विषय घ्यायचा मोह होईल, तो टाळा. एकच विषय दहा जणांना विचारला की तेच शब्द वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या वेगाने कानावर पडतात. मी 'पहिली नोकरी' हा विषय घेतला होता. 'आय एंडेड अप वर्किंग देअर' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ लागायला वेळ गेला. दुसरीकडून ऐकलं तेव्हा ओळखीचं वाटलं. तिसऱ्या माणसाने म्हटल्यावर कळलं की 'ठरवलं नव्हतं, पण शेवटी तिथेच लागलो' या आपल्या लांबलचक वाक्याला इंग्रजीत दोनच शब्द पुरतात. पुढच्या मुलाखतीत ते माझ्या तोंडून आपसूक निघाले. तोवर मी ते कधी पाठ केले नव्हते.

पाच प्रश्न, मोठ्याने म्हणून पाहिलेले

दहा नकोत. दहा असले की कागद संपवायची घाई होते आणि पियानोवाल्या आजोबांचं झालं तसं होतं. माझे पाच असे:

१. व्हॉट वॉज युअर फर्स्ट जॉब?
२. हाऊ डिड यू गेट इट?
३. कॅन यू वॉक मी थ्रू अ नॉर्मल डे?
४. व्हॉट वॉज हार्डर दॅन यू एक्स्पेक्टेड?
५. व्हॉट डिडन्ट आय आस्क?

पाचवा प्रश्न विषय कुठलाही असला तरी ठेवा. 'मी काय विचारायचं राहिलं?' असं विचारल्यावर लोक क्षणभर थांबतात आणि मग बऱ्याचदा मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं वाक्य बोलतात. एक बाई म्हणाल्या होत्या, "यू डिडन्ट आस्क इफ आय लाइक्ड इट." त्यानंतरची सात मिनिटं मला कागदाकडे पाहावं लागलं नाही.

आता व्याकरणाचं. मराठी माणसाची इंग्रजी प्रश्नात ठेच लागायची जागा ठरलेली आहे. मराठीत प्रश्न करायला वाक्य हलवावं लागत नाही. 'तुम्ही इथे काम करता' यातला सूर चढवला किंवा शेवटी 'का' लावलं की झाला प्रश्न. त्या सवयीने तोंडात 'यू वर्क व्हेअर?' किंवा 'व्हेअर यू लर्न्ड?' येतं. इंग्रजीला 'डू' नाहीतर 'डिड' पुढे लागतो, आणि 'डिड' आला की क्रियापद मूळ रूपात जातं: 'व्हेअर डिड यू लर्न?' एवढं जमतंय तोवर दुसरी खोच येते. तोच प्रश्न 'कॅन यू टेल मी' लावून नम्र केला की 'डिड' गायब होतो: 'कॅन यू टेल मी व्हेअर यू लर्न्ड इट?' दोन्ही रूपं आलटूनपालटून वीसेक वेळा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नाही. जीभ वळायला हवी.

'व्हाय' जपून वापरा. 'व्हाय डिड यू लीव्ह?' हे उलटतपासणीसारखं वाजतं. 'व्हॉट मेड यू लीव्ह?' म्हणा, धार जाते. शिवाय त्यात 'डिड'ची कटकटही नाही.

नकारार्थी प्रश्न तर विचारूच नका. 'डोन्ट यू लाइक इट?' यावर, आवडत नसेल तर, आपण मराठीत 'हो, नाही आवडत' म्हणतो. इंग्रजी माणूस 'नो' म्हणतो. मग त्याच्या 'नो'चा अर्थ लावण्यात त्याचं पुढचं वाक्य ऐकायचं राहून जातं.

कोणाला गाठायचं

जो थांबलेला आहे त्याला. गाडीची वाट पाहणारे, बागेत बसलेले, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर विसावलेले, गर्दी नसलेल्या वेळी आपल्या कामाच्या जागी निवांत असलेले. कानात इअरफोन, हातात जड सामान, सारखं घड्याळाकडे लक्ष, यांना सोडा.

समोरचा जन्मापासून इंग्रजी बोलणाराच हवा, हा हट्ट नको. जगात इंग्रजी नंतर शिकलेल्यांची संख्या ती मातृभाषा असलेल्यांपेक्षा मोठी आहे, आणि तुम्हाला पुढे काम पडणार आहे ते बहुधा त्यांच्याशीच. सुरुवातीला तर असा माणूस सोयीचा. तो बेताच्या वेगाने बोलतो आणि शब्द न सापडण्याची धांदल त्याला ठाऊक असते. आसपास इंग्रजी बोलणारं कोणी नसेल तर भाषा-देवाणघेवाणीच्या ॲपवर आधी वेळ ठरवून आवाजी कॉल करा. तिथेही हीच पद्धत चालते, फक्त हावभाव दिसत नाहीत म्हणून थोडं अवघड जातं.

काही गोष्टी मात्र पक्क्या असाव्यात. भेट उजेडात आणि चारचौघांत. कोणाच्या घरी किंवा गाडीत जायचं नाही. लहान मुलांना त्यांच्या पालकांशिवाय विचारायचं नाही. आपण पत्रकार असल्याचं सोंग करायचं नाही. समोरचा उलट तुमचा पत्ता, पैसे, फोन नंबर यांत रस घ्यायला लागला तर "थँक यू, दॅट्स ऑल आय नीडेड" म्हणून उठायचं.

नमनाला घडाभर तेल नको

पहिल्या पंधरा सेकंदांत चार गोष्टी सांगून व्हायला हव्यात: मी कोण, कशासाठी, किती वेळ, आणि नाही म्हटलंत तरी चालेल. मी अशी सुरुवात करते:

"हाय, सॉरी टू बॉदर यू. आय ॲम लर्निंग इंग्लिश, अँड आय प्रॅक्टिस बाय आस्किंग पीपल अबाउट देअर फर्स्ट जॉब. डू यू हॅव फाइव्ह मिनिट्स? इट्स फाइन इफ नॉट."

हे वाक्य तोंडपाठ हवं, कारण ते म्हणताना छाती धडधडत असते आणि त्या वेळी नवी वाक्यरचना सुचत नाही. त्यात 'माय इंग्लिश इज व्हेरी बॅड' घालू नका. ते ऐकलं की समोरचा मास्तर होतो, तुटक आणि मोठ्या आवाजात बोलू लागतो आणि गोष्ट सांगायची विसरतो. 'प्लीज करेक्ट मी'सुद्धा सुरुवातीला नको. तो आग्रह शेवटी, एका वाक्यापुरता करा.

रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा: "इज इट ओके इफ आय रेकॉर्ड धिस? इट्स ओन्ली फॉर मी, टू लिसन अगेन." होकार आल्यावर फोन समोर दिसेल असा ठेवा. कितीतरी ठिकाणी संमतीशिवाय संभाषण रेकॉर्ड करणं बेकायदा आहे. आणि कायदा नसला तरी चोरून रेकॉर्ड करणं वाईटच. नकार मिळाला तर वही काढा. रेकॉर्डिंग संपल्यावर ते कुठेही टाकायचं नाही.

लोक वैतागतील ही भीती सगळ्यांनाच असते आणि ती बरीचशी फुकाची आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागो भागातल्या रेल्वे आणि बसप्रवाशांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलावं लागलं तर प्रवास कसा जाईल, असं विचारल्यावर लोकांनी वाईट अंदाज बांधला. ज्यांना खरोखर बोलायला सांगितलं, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला. तरी नकार येतातच. नकाराला "नो वरीज, हॅव अ नाइस डे" म्हणायचं आणि पुढे. मी पहिल्या आठवड्यात मुलाखती मोजत नव्हते, विचारणं मोजत होते. 'आज पाच जणांना विचारायचं' असं ठरवलं की नकारही हिशोबात जमा होतो.

मुलाखत चालू असताना

फोन समोर, कागद खिशात. पहिला प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं वाटतं तितकं सोपं नाही. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ च्या एका अभ्यासात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. त्यामुळे दोन सेकंदांची शांतताही आपल्याला युगासारखी वाटते आणि आपण ती पुढच्या प्रश्नाने बुजवतो. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी वर्गांत पाहिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. मुलाखतीतही हाच अनुभव येतो. उत्तर संपलंसं वाटलं की मनात तीन अंक मोजा. बरेच लोक दोनवर असताना पुन्हा बोलू लागतात, आणि तेव्हा खरं बोलतात.

मध्ये मध्ये हुंकार लागतो. आपलं 'हं, हं' चालतं, पण 'या, या, या' अशी सरबत्ती लावली तर 'आटपा आता' असा अर्थ निघतो. एक सावकाश 'राइट', कधी 'ओह, रिअली?', एवढं पुरे.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी समोरच्याच्या बोलण्यात खुंट्या शोधायच्या. सगळ्यात सोपी खुंटी म्हणजे आकडा. 'टू हंड्रेड अँड थर्टी स्ट्रिंग्ज' ऐकल्यावर नुसतं "टू हंड्रेड अँड थर्टी?" असं सूर चढवून म्हटलं असतं तरी आजोबा पुढे बोलले असते. शेवटचा शब्द परत म्हणणं हाही पूर्ण प्रश्नच असतो आणि त्याला व्याकरण लागत नाही. अगदी नवख्यालाही तो पहिल्या दिवसापासून जमतो.

दुसरी खुंटी म्हणजे 'युज्ड टू'. कोणी 'आय युज्ड टू...' म्हटलं की समजावं, पूर्वी होतं आणि आता नाही. लगेच: "व्हॉट चेंज्ड?" दोन शब्द. 'ॲक्च्युअली', 'द फनी थिंग इज', 'द ट्रबल वॉज', 'अँड देन वन डे' हे शब्द म्हणजे माणूस दार किलकिलं करून उभा असल्याची खूण आहे. तिथे "टेल मी मोअर अबाउट दॅट" म्हणून आत शिरायचं. माझ्या 'हॉबी'च्या प्रश्नाने ते दार मी त्यांच्या तोंडावर आपटलं होतं.

न कळलेलं कळल्यासारखं दाखवू नका. पण नुसतं 'सॉरी?' म्हटलं की समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं सांगा आणि भोक कुठे आहे ते दाखवा. पुढे एका दुसऱ्या पियानो दुरुस्त करणाऱ्याने 'व्हॉइसिंग' हा शब्द वापरला. मी म्हटलं, "सो ट्यूनिंग इज फॉर द स्ट्रिंग्ज. बट व्हॉइसिंग, दॅट्स व्हॉट?" त्याने हात पुढे करून दाखवलं की तारेवर पडणाऱ्या हातोडीवर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर असतो, तो घट्ट झाला की आवाज कर्कश होतो, मग त्यात सुया टोचून तो मऊ करायचा. 'फेल्ट', 'नीडल', 'हॅमर', 'हार्श' हे चार शब्द त्या अर्ध्या मिनिटात कायमचे बसले. अर्थासाठी अशी ओढाताण होते तेव्हा भाषा शिकली जाते, असं भाषा-अभ्यासक मायकेल लाँग १९८० च्या दशकापासून मांडत आले होते. माझ्यापुरता तो हातवारे करणारा माणूस हाच पुरावा.

उत्तर संपल्यावर अधूनमधून आपल्या शब्दांत परत सांगा: "सो यू लर्न्ड इट बाय वॉचिंग, नॉट फ्रॉम अ टीचर?" चुकलं असेल तर समोरचा दुरुस्त करेल. बरोबर असेल तर खूश होईल. दोन्हीत तुम्ही एक पूर्ण वाक्य बोललेले असता.

पाच मिनिटं मागितली असतील तर पाचला थांबा. "आय प्रॉमिस्ड फाइव्ह मिनिट्स" असं स्वतःहून म्हटलं की निम्मे लोक 'इट्स ओके, गो ऑन' म्हणतात.

घरी आल्यावर

खरं तर निम्मं शिक्षण इथे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे कारण. ऐका.

आधी एकदा सलग ऐका, मग त्यातलं एकच मिनिट निवडून शब्दन् शब्द उतरवून काढा. पूर्ण मुलाखत लिहायला बसाल तर दुसऱ्या दिवशी नाद सोडाल. एका मिनिटाला मला अर्धा तास लागतो. अडखळणं, 'उम', अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं लिहायचं. लिहून झालं की समोरच्याचं बोलणं किती मोडकंतोडकं असतं हे पाहून आपल्या अडखळण्याची लाज निम्मी होते.

मग दोन रंगांच्या पेनांनी दोन गोष्टी शोधा. पहिली, तुम्ही सोडून दिलेल्या खुंट्या. प्रत्येकीसमोर तेव्हा विचारायला हवा होता तो प्रश्न लिहा आणि मोठ्याने म्हणा. दुसरी, समोरच्याने गुपचूप केलेली दुरुस्ती. मी म्हणते, "यू आर हिअर सिन्स टेन इयर्स?" तो म्हणतो, "येस, आय हॅव बीन हिअर फॉर टेन इयर्स." चूक काढल्याचं त्यालाही जाणवत नाही आणि मलाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांच्या १९९७ च्या अभ्यासात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशाच होत्या, आणि त्यातल्या ३१ टक्क्यांनाच विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद मिळाला होता. वर्गात ही गत, तर बाकावर काय असणार? रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्या सगळ्या सापडतात. 'दहा वर्षांपासून'मधलं 'पासून' आपण इंग्रजीत 'सिन्स' करून नेतो, हे मला एकाच दिवसात तीन माणसांनी असं न सांगता सांगितलं होतं.

शेवटी, ऐकलेली गोष्ट भिंतीला सांगा. आधी चार मिनिटांत, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन. किथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेला आणि पुढे पॉल नेशन यांनी तपासलेला हा सराव आहे. मजकूर तोच आणि वेळ कमी, त्यामुळे तिसऱ्या खेपेला अडखळणं आपोआप गळतं. कोणी खराखुरा ऐकणारा असेल तर तीन वेगवेगळी माणसं उत्तम. नसेल तर भिंतही तक्रार करत नाही.

किती दिवस

पहिला आठवडा मुलाखत नकोच. रोज दोन अनोळखी माणसांना एकेक साधा प्रश्न विचारा, वाट किंवा वेळ, म्हणजे तोंड उघडायची सवय होईल. संध्याकाळी फोनसमोर सुरुवातीचं वाक्य घोका. दुसऱ्या आठवड्यापासून तीन मुलाखती, पाचपाच मिनिटांच्या, आणि प्रत्येकीचं एक मिनिट उतरवलेलं. दहा झाल्या की पहिलीची वही उघडा. शब्द किती वाढले ते मोजू नका. 'व्हेरी नाइस' म्हणून कुठे कुठे पळ काढला होता ते पाहा, आणि दहावीत किती वेळा काढला तेही. मग विषय बदला, पाचवा प्रश्न तोच ठेवा, आणि जुनी रेकॉर्डिंग पुसून टाका. लोकांनी ती तुम्हाला एकदा ऐकायला दिली होती. उतरवलेली मिनिटं नावाशिवाय वहीत राहिली तर पुरे.